मुंबईच्या फलंदाजांची उतरंड

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरू लागली की त्यांच्याबरोबर वादही फिरू लागतात. चकली कुणाची खुसखुशीत, कंदील घरी करावा की विकत आणावा, इथे सुरू झालेली बोलणी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत क्रिकेटवर येऊन ठेपतात. आणि एकदा क्रिकेटवर आली की त्यातला ठरलेला प्रश्न कोणीतरी टाकतोच – मुंबईचा सर्वांत मोठा फलंदाज कोण? मग आजोबा गावसकरांचे नाव घेतात, वडील सचिनचे, आणि नातू रोहितचे नाहीतर यशस्वीचे. भिंतीवरच्या तसबिरीतल्या पणजोबांना वाचा फुटली असती, तर त्यांनी विजय मर्चंट यांच्याखेरीज दुसरे नाव काढू दिले नसते.

या वादात एक गंमत आहे. प्रत्येकाचा सर्वांत मोठा फलंदाज हा त्याने स्वतः दहा ते अठरा वर्षांच्या वयात पाहिलेला असतो. आपण फलंदाजाची बाजू घेऊन भांडतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण आपल्या हरवलेल्या बालपणाची बाजू घेऊन भांडत असतो. म्हणून तर हा वाद इतका हातघाईवर येतो, आणि म्हणूनच तो कधी मिटत नाही.

मी मराठीचा अध्यापक. ‘तुलना करा’ हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना घालत आलो आहे. दोन भिन्न शतकांतले कवी एका प्रश्नात बसवायचे, त्याला दहा गुण ठेवायचे, आणि मुलांनी अर्ध्या तासात निवाडा द्यावा अशी अपेक्षा करायची, हा आमचा पिढीजात धंदा! तेव्हा या सदराच्या वाचकांनी यंदा मलाच तो प्रश्न घातला आहे असे समजून उत्तरपत्रिका लिहायला बसलो आहे. प्रश्न असा : रणजी करंडकात मुंबईकडून खेळलेल्या, वेगवेगळ्या काळांतल्या फलंदाजांची क्रमवारी लावा. कारणे द्या.

आधी नियम सांगतो. म्हणजे मागाहून कटकट नको. पहिला नियम, ही उतरंड मुंबईची आहे, भारताची नव्हे. कसोटी सामन्यांतला पराक्रम साक्षीला बोलावता येईल, पण निकाल मुंबईच्या टोपीवर लागेल. दुसरा नियम, जे अजून खेळत आहेत त्यांना हात लावायचा नाही. भट्टीत असलेले मडके कसे निघेल ते कुंभारालाही सांगता येत नाही. तिसरा नियम, मापे तीन. आपल्या काळातल्या इतरांपेक्षा हा माणूस किती उंच होता? मुंबई अडचणीत असताना त्याने काय केले? आणि जाताना मागच्यांसाठी त्याने काय ठेवले?

नुसत्या धावा का मोजायच्या नाहीत, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आकड्यांनीच देतो. रणजी सामन्यात मुंबईच्या फलंदाजाने केलेली सर्वांत मोठी खेळी पृथ्वी शॉ याची आहे : जानेवारी २०२३ मध्ये, गुवाहाटीला, आसामविरुद्ध ३७९. त्याआधी हा मान संजय मांजरेकर यांच्या १९९०-९१ मधल्या हैदराबादविरुद्धच्या ३७७ धावांना होता. पण या दोन खेळींच्या जोरावर त्या दोघांना गावसकरांच्या वर बसवा, असे त्यांचे सख्खे नातलगही म्हणणार नाहीत. रुसी मोदी यांनी १९४४-४५ च्या एका हंगामात १००८ धावा केल्या. रणजीच्या एका हंगामात हजाराचा आकडा गाठणारे ते पहिले. सरासरी होती २०१.६०! चाळीसच्या दशकातल्या खेळपट्ट्याच तशा होत्या. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद राहिले. त्याच हंगामात पुण्यालाच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धावा झाल्या. ज्या वर्षी आंब्याला बहर येतो त्या वर्षी प्रत्येक झाड मोठे दिसते. झाडाची खरी उंची कळायची तर त्याला शेजारच्या झाडाजवळ उभे करून पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मुंबईचा फलंदाज मऊ गादीवर वाढलेला नाही. १९४८ पासून सुरू असलेली डॉ. कांगा यांच्या नावाची साखळी स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, चेंडू कधी नाकाशी येईल आणि कधी घोट्याशी बसेल याचा नेम नाही. बाहेरचे गवत एवढे वाढलेले की जमिनीवरून मारलेला फटका मध्येच रुतून बसतो. अशा मैदानावर तीस धावा करणारा पोरगा कोरड्या खेळपट्टीवर शंभर करतो, यात नवल नाही. त्यात आझाद मैदानावर एका वेळी अनेक सामने चालू. एका सामन्याचा यष्टिरक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा. लोकलच्या डब्यात जागा धरायची सवय असलेला मुंबईकर खेळपट्टीवरची जागाही तशीच धरतो : एकदा बसला की उठत नाही. बाहेरचे लोक याला ‘खडूसपणा’ म्हणतात. मुंबईकर ते बिरुद म्हणून मिरवतो. या खडूसपणाच्या जोरावर मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवला, आणि मार्च २०२४ मध्ये विदर्भाला हरवून आपले बेचाळिसावे अजिंक्यपद मिळवले.

आता उतरंड. वरच्या लहान मडक्यापासून सुरुवात करतो. लहान म्हटले तरी ते या उतरंडीतले लहान. दुसऱ्या कोणत्याही घरात ते रांजण ठरले असते.

सातवे स्थान पॉली उम्रीगर यांचे. जन्म सोलापूरचा, १९२६ चा. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय : १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. १९६२ मध्ये त्यांनी कसोटी क्रिकेट सोडले तेव्हा सर्वांत अधिक कसोट्या (५९), सर्वांत अधिक धावा (३६३१) आणि सर्वांत अधिक शतके (१२), हे तिन्ही भारतीय उच्चांक त्यांच्याच नावावर होते. मुंबईची पंधरा वर्षांची घोडदौड सुरू झाली त्या काळात संघातल्या तरुण पोरांनी ज्यांच्याकडे पाहून उभे राहायला शिकावे असे ते खांब होते. खांबाकडे कोणी टक लावून पाहत नाही. छत मात्र त्याच्यावर असते.

सहावे अजित वाडेकर. दादर-शिवाजी पार्क भागातल्या मध्यमवर्गीय घरांना वाडेकर आपल्यातले वाटत, कारण ते तसेच होते : बँकेतली नोकरी, बोलणे मोजके, वागणे शांत. त्यांचा पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधला प्रवेश १९५८-५९ चा, म्हणजे मुंबईची ती मालिका सुरू झाली त्याच हंगामातला. १९६६-६७ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्यांनी ३२३ धावा काढल्या. कसोटीत मात्र त्यांचे शतक एकच, १९६८ मध्ये वेलिंग्टनला केलेले १४३. वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत जिंकून आलेला १९७१ चा कर्णधार म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. पण मुंबईच्या मैदानांवर ज्यांनी त्यांची डावखुरी फलंदाजी पाहिली, त्यांना कर्णधार वाडेकरांमागे झाकला गेलेला फलंदाज वाडेकर अधिक आठवतो.

पाचवे दिलीप वेंगसरकर. इथे माझी लेखणी जरा अडखळते. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी लागोपाठच्या तीन दौऱ्यांत तीन शतके काढणारा फलंदाज पाचवा? पण नियम मुंबईचा आहे, आणि मुंबईसाठी वेंगसरकरांची थोरवी लॉर्ड्सवर नव्हे, वानखेडेवर दिसली. मे १९९१. रणजीचा अंतिम सामना, समोर कपिल देव यांचा हरियाणा. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. सचिनने ७५ चेंडूंत ९६ धावांचा तडाखा दिला आणि तो गेला. मग एकेक जण जात राहिला, आणि वेंगसरकर एका टोकाला उभे राहिले. शेवटचा गडी धावबाद झाला तेव्हा मुंबईच्या धावा होत्या ३५२. वेंगसरकर नाबाद १३९. शंभराहून अधिक कसोट्या खेळलेला तो माणूस मैदानावरच रडला.

काही जण म्हणतील, हरलेल्या सामन्यातल्या खेळीची किंमत काय? मला नेमके उलट वाटते. भारतासाठी सगळे काही मिळवून झालेला पस्तिशीचा माणूस आपल्या शहराचा संघ दोन धावांनी हरला म्हणून रडतो, यावरून त्या टोपीचे मोल कळते. करंडक कुणाच्या कपाटात गेला हे फक्त नोंदवहीत राहते. ते अश्रू मात्र पुढच्या पिढीतल्या खेळाडूंच्या गोष्टींत राहिले.

चौथे वसीम जाफर. या नावावर वाद होणार, हे मी जाणून आहे. कसोट्या ३१ आणि सरासरी ३४ च्या आसपास असलेल्या माणसाला वेंगसरकरांच्या पुढे बसवायचे? पण पुन्हा एकदा नियमाकडे पाहावे. पहिल्या दर्जाच्या दुसऱ्याच सामन्यात, १९९६-९७ मध्ये, राजकोटला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ करून हा मुलगा पुढे आला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे, हिवाळ्यातल्या त्या रिकाम्या स्टेडियमांत, दहा-वीस प्रेक्षकांसमोर, तो धावा काढत राहिला. रणजी करंडकात बारा हजार धावांचा पल्ला गाठणारा तो पहिला. २००८-०९ आणि २००९-१० अशी दोन अजिंक्यपदे मुंबईने त्याच्या नेतृत्वाखाली मिळवली. कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो विदर्भाकडे गेला आणि तिथेही दोन करंडक जिंकून देणाऱ्या संघात खेळला. त्या धावा मी मुंबईच्या खात्यातून वजा करतो. तरीही उरते ते पुष्कळ आहे. टाळ्यांशिवाय काम करत राहणे ही फार अवघड गोष्ट आहे, हे शिक्षकांना आणि गृहिणींना निराळे सांगायला नको.

तिसरा सचिन. सचिनला आपण सगळे एकेरीत हाक मारतो. मर्चंटना कोणी मारत नाही. हे प्रेमाचे लक्षण आहे. शिवाय तो मराठीच्या प्राध्यापकाचा मुलगा! रमेश तेंडुलकर कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवत. तेव्हा धंद्याच्या नात्याने मी त्याला पहिला क्रमांक दिला असता तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. डिसेंबर १९८८ मध्ये, पंधराव्या वर्षी, गुजरातविरुद्ध रणजीतल्या पहिल्याच सामन्यात नाबाद शतक. १९९९-२००० च्या उपांत्य सामन्यात तामिळनाडूने ४८५ धावांचा डोंगर रचला असता नाबाद २३३ करून मुंबईला पाच धावांची निसटती आघाडी मिळवून देणारा तोच. आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये, दोनशेव्या कसोटीच्या उंबरठ्यावर, लाहलीच्या अवघड खेळपट्टीवर नाबाद ७९ करून मुंबईला सामना जिंकून देऊन त्याने रणजीचा निरोप घेतला. पहिल्या दिवशी नाबाद, शेवटच्या दिवशीही नाबाद! मग तिसराच का? कारण रणजीचे त्याचे सामने अवघे ३८. सरासरी ८७ ची, पण उरलेला सगळा सचिन देशाने आणि जगाने वापरला. मुंबईच्या वाट्याला सणावाराला घरी येणारा मुलगा आला. त्याची वाट सगळ्यांनी पाहिली, पण घर चालवले ते इतरांनी.

दुसरे सुनील गावसकर. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा, ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला कसोटीतल्या दहा हजार धावा, त्याही जगात सर्वांआधी, शतके ३४. हे तर शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १९८१-८२ मध्ये बंगालविरुद्ध ३४० धावा काढल्या, हेही अनेकांना ठाऊक असते. पण मला त्यांची थोरवी दिसते ती त्याच हंगामातल्या उपांत्य सामन्यात. बंगळूरची खेळपट्टी फिरकीला पुरती शरण गेलेली, कर्नाटकचा डावखुरा रघुराम भट एकामागून एक गडी टिपतो आहे. गावसकरांनी पाहिले की उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळणारा हा चेंडू डावखुऱ्याला आत येतो. तेव्हा भटच्या गोलंदाजीपुरते ते सरळ डावखुरे होऊन उभे राहिले! दुसऱ्या गोलंदाजांना पुन्हा उजव्या हाताने. अंतिम फेरीत जायची आशा पहिल्या डावातच मावळली होती. उरला होता तो निर्णायक पराभव टाळण्याचा प्रश्न, आणि तो त्यांनी टाळला. कोणी याला हट्ट म्हणाले, कोणी नाटक. मी याला मुंबईची शाळा म्हणतो. सामना जिंकता येत नसेल तर तो हरायचाही नाही, हा त्या शाळेचा पहिला धडा.

आणि तळाचे, सर्वांत मोठे मडके विजय मर्चंट यांचे. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे जगात एकच नाव आहे, ब्रॅडमन यांचे. रणजी करंडकात तर मर्चंटांची सरासरी ९८ च्याही वर गेली. तो काळच धावांचा होता, असे मघाशी मीच म्हटले. मग हे माप त्यांना का लावायचे नाही? लावून पाहू. त्याच मऊ खेळपट्ट्यांवर त्यांच्या पिढीतले इतरही खेळले, पण सबंध कारकिर्दीत सत्तरीच्या वर सरासरी त्यांच्यापैकी एकालाही राखता आली नाही. आणि १९४६ चा इंग्लंडमधला उन्हाळा घ्या. पावसाने ओथंबलेला, गोलंदाजांना हवा तसा. त्या दौऱ्यात मर्चंटांनी २३८५ धावा केल्या, सरासरी ७४.५३. म्हणजे ब्रेबोर्नच्या मऊ खेळपट्टीचा आक्षेप इंग्लंडच्या पावसातच वाहून गेला. दुसऱ्या महायुद्धाने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली. १९३३ ते १९५१ या अठरा वर्षांत कसोट्या मिळाल्या फक्त दहा. शेवटच्या कसोटीत, वयाच्या चाळिशीत, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा काढल्या आणि बॅट खाली ठेवली.

तिसऱ्या मापातही तेच पुढे आहेत. संयम, घोटलेले तंत्र, आणि आपली विकेट फुकट देणे म्हणजे चोरी करण्यासारखे आहे ही भावना मुंबईत त्यांच्या उदाहरणाने रुजली. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचा संघ निवडला गेला तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष मर्चंटच होते. त्या संघाचे कर्णधार वाडेकर आणि त्यातला नवखा सलामीचा फलंदाज गावसकर! माझ्या उतरंडीतली दोन मडकी तळाच्या मडक्याने स्वतःच्या हाताने वर चढवलेली आहेत. घरातल्या जाणत्या बायकांना ठाऊक असते, वरचे मडके कोणीही सहज उचलावे, पण तळचे काढायचे म्हटले तर सगळी उतरंड खाली घ्यावी लागते.

इथे उत्तरपत्रिका संपायला हरकत नाही. पण परीक्षकाच्या मनात एक प्रश्न उरतो, जो प्रश्नपत्रिकेत नसतो. जे उतरंडीत बसलेच नाहीत त्यांचे काय?

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात विनोद कांबळी नाबाद ३४९ आणि सचिन नाबाद ३२६ अशी ६६४ धावांची भागीदारी झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या वेळी पुढचा फलंदाज पॅड बांधून आपली पाळी यायची वाट पाहत बसला होता, आणि ती आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार. पुढे १९९३-९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच सामन्यात हरियाणाविरुद्ध त्यांनी २६० धावा केल्या. पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक उच्चांक होता. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये एकंदर ११,१६७ धावा, ३० शतके; २००६-०७ चे अजिंक्यपद मुंबईने त्यांच्या नेतृत्वाखाली मिळवले. पण भारताची टोपी एकदाही नाही. मधल्या फळीत द्रविड, सचिन, लक्ष्मण, गांगुली बसलेले असताना पाचव्याला जागा कुठून मिळणार? पॅड बांधून बसायचे, आणि पुढच्यांनी बाद होऊ नये अशीच संघाची इच्छा असायची!

माझ्या क्रमवारीत त्यांना आठवे स्थान देता आले असते. पण मी दिलेले नाही, आणि त्याला कारण आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते. ज्या माणसाला भारतासाठी एकही चेंडू खेळायला मिळाला नाही, त्याने खेळायला शिकवलेल्या संघाने देशाला विश्वचषक आणून दिला. अशा माणसाला आठवा किंवा नववा म्हणायचे, हे मला पटत नाही. जुन्या घरांत उतरंडीशेजारी, पण तिच्या बाहेर, पाण्याचा माठ असे. त्याला कोणी कितवा म्हणून मोजत नसे. तहान लागली की सगळे त्याच्याकडेच जात.

तेव्हा वाचकहो, ही माझी उतरंड. तुम्हाला ती मान्य असावी असा आग्रह नाही. किंबहुना ती मोडून तुम्ही आपली नवी रचावी हेच बरे. फक्त एवढे करा. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांनी तुम्ही न पाहिलेल्या फलंदाजाचे नाव घेतले, तर त्यांना मध्येच तोडू नका. चकलीचा तुकडा मोडा, आणि तो कसा खेळायचा ते त्यांना सांगू द्या.